फुटकं हाउसिंग घेऊन कोल्हापूरला

आमच्या भिवंडीजवळच्या पूर्ण्याच्या बायका कोल्हापूरला जातात त्या अंबाबाईला. ओटी, नारळ, येताना चपला आणि गुळाची ढेप. मी गेले ते डिकीत गोणपाटात गुंडाळलेला ॲल्युमिनियमचा एक फुटका तुकडा घेऊन. अंबाबाईचं दर्शन झालं, नाही असं नाही, पण ते शेवटी आणि घाईत. परत आल्यापासून जी ती विचारते, "काकी, गारी कुठं ठेवून आलीस?" प्रत्येकीला उभ्याउभ्या सांगून घसा बसला, म्हणून आता एकदाच बसून लिहिते. शाळेत मी फार गेले नाही. वाचायला शिकले ती गोदामात येणाऱ्या खोक्यांवरची नावं वाचून. तेव्हा कुठं चुकलं तर हसा, पण पुढं वाचा.

पूर्णा, निघताना

आधी गाडीचं, आमच्या बोलीत गारीचं, सांगते. आमच्या भाताच्या शेतांवर गोदामं झाली त्याला आता बरीच वर्षं झाली. शेजारच्या गोदामात एका विजेच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीचा माल उतरायचा. छोट्या छोट्या गाड्या, बिनआवाजाच्या, सीटवर प्लास्टिक, रांगेत उभ्या, जणू शाळेच्या प्रार्थनेला. माझी सून रेश्मा पडघ्याला हायवेवर वर्कशॉप चालवते. ती मूळची भिवंडीतल्या नारपोलीची, तिचे वडील लूमचे, म्हणजे कापडाच्या मागांचे, मिस्त्री. गोदामांतून सामान नेणाऱ्या विजेच्या तीनचाकी रिक्षा ती दुरुस्त करायची. मग या छोट्या गाड्याही करायला लागली. गाडी चांगली आहे असं तिला वाटलं आणि तिनं ते लोकांना सांगितलं. पडघ्यात आणि आजूबाजूला दहाबारा जणांनी तिच्या सांगण्यावरून गाडी घेतली. एक मीही घेतली.

वयाच्या साठीनंतर मी गाडी चालवायला शिकले. रविवारी गोदामाचं आवार रिकामं असतं, तिथं. क्लच नाही, गिअर नाही, पाय दाबला की चालली. जन्मभर मी कुणाच्या तरी मागं बसून गेले. बैलगाडी, सायकल, स्कूटर, टेम्पो. आता पडघ्याच्या बाजारात मी माझी जाते आणि माझी येते. कुणाला "चल रे" म्हणावं लागत नाही. हे ज्याचं त्यालाच कळतं.

मग कंपनीचं काय झालं देव जाणे. आधी गाड्या स्वस्त केल्या, मग मोठ्या कंपन्यांनी त्याहून स्वस्त केल्या, मग बॅटरीचा माल बाहेरून यायचा थांबला, असं रेश्मा सांगायची. एक दिवस शेजारच्या गोदामातून गाड्या गेल्या आणि तिथं चपलांचे खोके आले. कंपनीचा फोन लागेना. मोबाइलमधलं त्यांचं ॲप उघडेना. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. गेलेल्याचं नाव काढून काय मिळणार?

आता दुखणं ऐका. या गाडीत मोटरच्या खाली गिअरचा डबा असतो. दोन अर्ध्या वाट्या एकावर एक बसवाव्यात तसा, आत गिअर आणि तेल. त्याला रेश्मा हाउसिंग म्हणते. ते जमिनीला फार जवळ आहे. आमच्या भिवंडीच्या रस्त्यावर कंटेनरनं पाडलेले खड्डे म्हणजे तुम्हाला काय सांगू. आपटून आपटून तीन गाड्यांचं हाउसिंग तडकलं, तेल गळलं, आणि तिन्ही गाड्या रेश्माच्या शेडमध्ये उभ्या राहिल्या. पार्ट कुठंच मिळेना. बाकीच्या गाड्याही आज ना उद्या तिथंच येणार होत्या.

त्या तीन गाडीवाल्यांत जोशीबाई होत्या, शाळेतून रिटायर झालेल्या. रोज संध्याकाळी शेडपाशी यायच्या, आपल्या गाडीवरची धूळ रुमालानं पुसायच्या आणि जायच्या. एकदाच म्हणाल्या, "रेश्मा, मी कंपनीला ओळखत नव्हते गं. तुला ओळखत होते." त्या रात्री रेश्मा जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं फुटकं हाउसिंग धुऊन पालथं केलं, तर आतल्या बाजूला बेलाच्या पानाची छोटी खूण. धातू ओतून भाग बनवणारा आपली खूण ठेवतो, हे तिला वडिलांमुळं माहीत. लूमच्या भागांवर असते. तिनं फोटो चारजणांना पाठवला, त्यांनी आणखी चारजणांना, आणि उत्तर आलं: कोल्हापूरजवळ शिरोलीला शंकरअण्णांची फाउंड्री आहे, ही खूण त्यांची.

"मी जातंय," रेश्मा म्हणाली.

"मीही येतंय," मी म्हटलं. "आन माझ्याच गारीनं जाऊ."

माझा मुलगा विनोद म्हणाला, "आय, वाटेत बंद परली तर?"

"तर मिस्त्री शेजारीच बसलेली हाय ना रे."

शिरवळच्या लग्नात

प्रवासाची तयारी रेश्मानं केली आणि जेवणाची मी. तांदळाच्या भाकऱ्या, आणि अण्णांच्या घरी द्यायला डबाभर सुका जवळा, ती बारीक सुकी कोळंबी. तिथंच माझं चुकलं. बॅटरी वाचावी म्हणून एसी बंद, काचा खाली. खंडाळ्याच्या घाटात एका वळणावर डबा कलंडला, झाकण उडालं आणि जवळा सगळ्या गाडीत. वारा असा की एक मूठभर जवळा रेश्माच्या केसांत. ती गाडी चालवतेय, मी तिच्या डोक्यातून जवळा वेचतेय, आणि शेजारच्या बसमधली माणसं काचेला नाक लावून बघतायत.

पुणं मागं टाकलं आणि शिरवळला एका हॉटेलच्या आवारात चार्जिंगचं मशीन होतं तिथं थांबलो. मशीन छान उंच, निळं, वर 'स्वागत आहे' लिहिलेलं. पण आत जीव नव्हता. तिथला वॉचमन खुर्चीवरून उठला नाही.

"मावशी, ते बंद आहे."

"कधीपासून?"

"मी लागलो तेव्हापासून."

"मग तुम्ही कसली राखण करता?"

"त्याचीच की. चोरीला जाऊ नये म्हणून."

मोठ्या कंपन्या आणि मोठमोठ्या जाहिराती. विजेची गाडी घ्या म्हणतात, आणि वीज कुठं भरायची ते विचारलं की वॉचमन दाखवतात. रेश्मा चिडली होती. मला मात्र पलीकडं मंगल कार्यालय दिसलं. मांडव, सनई, आणि मागच्या बाजूला आचाऱ्याचा मोठा मिक्सर चाललेला. मिक्सर चालतोय म्हणजे जाड पिनेचा प्लग असणार. लग्नघरात बाईमाणसाला कुणी अडवत नाही. मी सरळ मागच्या दारानं आत.

आचारी घामाघूम. म्हटलं, "भाऊ, एक प्लग देता का? गाडीला भूक लागलीय."

"गाडीला? कायतरीच!" तो हसला. "वाटण झालं की घ्या. पण मला पुऱ्या लाटायला दोन बायका कमी आहेत बघा."

झालं. रेश्मानं वायर ओढली, मी पाटावर बसले. गाडी अशा प्लगवर हळूहळू भरते, म्हशीनं रवंथ करावं तशी. दुपारभर मी पुऱ्या लाटल्या. आमच्याकडं हळदीला रात्रभर धवलारीण गाते, ढोल असतो, मटण असतं. इथं सगळं शिस्तीत, मसालेभात, जिलेबी आणि मठ्ठा. एक नऊवारीतल्या आजी माझ्याकडं बघत होत्या. शेवटी जवळ आल्या.

"तुम्ही मुलीकडच्या का मुलाकडच्या?"

"गाडीकडच्या," मी म्हटलं.

त्यांना सगळं सांगितलं. त्या पोट धरून हसल्या, मला हात धरून पंगतीला बसवलं आणि जिलेबी वाढत राहिल्या. निघताना नवरी माझ्याही पाया पडली. कोण बाई, कुठली, तिला काय ठाऊक? तरी मी तोंडभरून आशीर्वाद दिला. संध्याकाळी खंबाटकीचा घाट चढलो तेव्हा गाडी अशी सुरसुर वर गेली की ट्रकवाले बघत राहिले. साताऱ्याला एका लॉजवर मुक्काम केला.

शिरोली, अण्णांची फाउंड्री

कऱ्हाड सोडलं की दोन्ही बाजूंना ऊस. आमच्याकडं हिरवं बघायचं तर गोदामांच्या मधल्या फटीतून. इथं डोळे पसरावे तेवढं. मग शिरोलीचे पत्र्याचे कारखाने लागले आणि रेश्मानं खिडकीतून वास घेतला. "आय, तापलेली वालू. नारपोलीच्या मोल्डिंगवाल्याकडं असाच वास यायचा."

शंकरअण्णा दारातच उभे होते. पांढरा शर्ट, कोपरापर्यंत काळे हात, मिशी मोठी. आमची गाडी बघितली आणि त्यांचं तोंडच फिरलं.

"ह्या गाडीतनं आलासा? बसा, चहा घ्या, पाहुणं आहात. पर ह्या गाडीचं काम इथं न्हाई."

"अण्णा, आधी ऐका तरी," रेश्मा म्हणाली.

"काय ऐकायचं? तीस वर्षं इंजिनची कास्टिंगं ओतली. मग सगळी म्हणाया लागली, इंजिन संपलं, आता वीज. ह्यांच्यासाठी नवी भट्टी घातली, मशीन घातली. एक दिवस आली, आपला साचा टेम्पोत घातला आणि गेली. फोन न्हाई, काय न्हाई. आता इंजिनवाले म्हणत्यात थांबा, आणि बॅटरीवाले म्हणत्यात गेलो. मी मधी उभा, भट्टी गार करून."

बाहेर खरोखरच दोनातली एक भट्टी बंद होती. तिच्या तोंडावर मांजर झोपलं होतं.

 रेश्मानं गोणपाट सोडलं आणि फुटकं हाउसिंग टेबलावर पालथं ठेवलं. बेलाचं पान वर.

अण्णांनी बोट फिरवलं. "हे माझं."

"म्हणून तर आलो."

"माझं कास्टिंग फुटलं?" त्यांचा आवाज एकदम बदलला. आपल्या पोराला कुणी मारलं म्हटल्यावर बापाचा होतो तसा. "कशानं फुटलं?"

"खड्ड्यांनी."

"असलं कसलं खड्डं?"

"तुम्ही भिवंडीला या, दाखवते," मी म्हटलं. "आमच्याकडं खड्ड्यात रस्ता शोधावा लागतो."

ते हसले नाहीत. चष्मा लावून जोडलेला तडा बघत राहिले. "इथं पातळ आहे. कंपनीला वजन कमी पाहिजे होतं, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी लांब जाती. त्यांचंबी चुकलं न्हाई. पर रस्ता बघून भिंत घालाय पाहिजे." मग रेश्माकडं वळून, "पर पोरी, साचा गेला. तुझ्या पाचपंचवीस नगांसाठी नवा साचा, एवढा खटाटोप कोण करणार? आणि तू कोण? तू कंपनी न्हाईस, मालक न्हाईस. तुझं काय अडलंय?"

"लोकांनी माझ्या बोलन्यावर गाड्या घेतल्या, अण्णा. कंपनी गेली तिला गाव नव्हतं. मना रोज त्याच रस्त्यानं जायाचं हाय."

 अण्णांनी फाउंड्रीमागच्या घराकडं हाक मारली, "अगं मालू, जेवायला दोन पानं वाढीव!" मला वाटलं, झालं काम.

जिथं आमचं चुकलं

काम झालं नव्हतं. इथं आम्हा भिवंडीकरांची खोड आडवी आली.

आमच्याकडं लूमचा भाग तुटला की वेल्डिंग करून जोडतात, आणि तो जोडलेला तुकडाच नमुना म्हणून मोल्डिंगवाल्याला देतात. तो वाळूत ठसा घेतो, नवा ओततो, आणि लूम पुन्हा खडखड सुरू. लूम बनवणारी कंपनी कधीच गेली असली तरी नारपोलीत लूम चालतात ते असे. म्हणून रेश्मानं हाउसिंगचा तडा वेल्डिंगनं नीट भरून आणला होता. मीही म्हटलं होतं, वा, काय सुरेख जोडलंयस.

अण्णांनी हाउसिंगच्या दोन्ही वाट्या एकावर एक बसवल्या, आत गिअरचा दांडा घातला आणि रेश्माला म्हणाले, "फिरव."

तिनं फिरवला. अर्ध्यावर अडला. पुन्हा फिरवला, पुन्हा तिथंच. तिचा चेहरा उतरला. अण्णांनी सांगायची गरजच पडली नाही. "वेल्डिंगच्या आगीनं वाकलं," ती हळूच म्हणाली. "केसभर. लूमला चालतं, याला न्हाय चालनार."

"न फुटलेलं एक पाहिजे," अण्णा म्हणाले. "त्यावरनं साचा करतो. तेवढं पाठवून द्या."

न फुटलेली होती ती इतरांच्या चालत्या गाड्यांत. आणि एक बाहेर, कडुलिंबाखाली, माझ्या गाडीत.

रेश्मानं माझ्याकडं बघितलं नाही, मुद्दामच. "परत जाऊन बघू आय. कोनाला तरी इचारीन."

"कोनाला इचारशील? ज्यानं तुझ्या शब्दावर घेतली, त्यालाच सांगशील का की आता चालती गारी खोल?"

"आन साचा नीट न्हाय आला तर? तुझी गारी अशीच उघरी रानार. तू बाजारात कशी जाशील?"

"पहिलं जायाची तशी."

बोलले खरी. किल्ली पदराच्या गाठीत होती. ती सोडायला मला वेळ लागला. गाठ काही घट्ट नव्हती. अण्णांच्या हातात दिली आणि म्हटलं, "खोला. पण आधी तिच्यातला जवळा झाडून घ्या."

आता मात्र अण्णा असे हसले की मांजर उठून गेलं.

दूध, भाकरी आणि इचलकरंजी

दोन दिवस आम्ही त्यांच्याच घरी होतो. रेश्मा फाउंड्रीत, साचा करणाऱ्याबरोबर मोजायचं, लिहायचं, भांडायचं. मी अण्णांच्या बायकोबरोबर, मालूताईंबरोबर. या बाई "मी आलो, मी बसलो" असं पुरुषासारखं बोलतात. पहिल्यांदा मी मागं वळून बघितलं, कोण आलं म्हणून. आणि मी "गारी" म्हटलं की त्यांना हसू आवरायचं नाही. फिट्टंफाट.

सकाळी त्यांनी मला कट्ट्यावर दूध प्यायला नेलं. समोर म्हैस, समोर धार, पेला भरून हातात, फेसासकट. आमच्याकडं पिशवी फाडून दूध काढतात, त्याची मला लाजच वाटली. दुपारी मी त्यांच्या चुलीवर उरलेला जवळा केला, कांदा आणि कोकम घालून. मालूताई आधी लांब उभ्या, मग एक घास, मग ज्वारीच्या भाकरीबरोबर अर्धी कढई. "हे तर लई भारी आहे की! आमच्या ह्यास्नी सांगू नका, शिल्लक ऱ्हाणार न्हाई."

त्यांचं माहेर इचलकरंजीचं. तिथं नेलं. गल्लीत वळलो आणि मी थांबलेच. तोच खडखडाट. डोळे मिटले असते तर नारपोली. एका कारखान्यात म्हातारे मिस्त्री लूमला तेल घालत होते. त्यांना विचारलं, "ह्या लूमची कंपनी कुठली?"

"कंपनी? तिला जाऊन जमाना झाला, मावशी."

"मग चालवता कसं?"

"चालवायचं आहे म्हणून." आणि तेलाची बाटली घेऊन पुढच्या लूमकडं गेले.

मला तेव्हा बरं वाटलं. वर्तमानपत्रात रोज येतं, ही गाडी कंपनी तोट्यात, ती दुसऱ्या कंपनीला विकली, इंजिन जाणार, बॅटरी महाग, कुणाचं खरं नाही. असेल. पण आमच्या भिवंडीनं आणि त्यांच्या इचलकरंजीनं कंपन्यांच्या माघारी मशीनं चालवून दाखवलीत. मला त्या गाड्यांची काळजी वाटेनाशी झाली, खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी पहिला साचा दाखवला. तडा गेला होता तिथली भिंत जाड केलेली. "भिवंडीची भिंत," ते म्हणाले. बंद भट्टी साफ केलेली होती. मग घाईघाईनं अंबाबाईला गेलो, मोठ्या गाभाऱ्यापुढं रेश्मानं काय मागितलं ते मी विचारलं नाही. एसटीनं परत. गाडीनं गेलेल्या बायका एसटीनं परतल्या म्हणून विनोद स्टँडवर डोक्याला हात लावून उभा.

आणि गाडी

त्यानंतर काही आठवडे रेश्मा दर थोड्या वेळानं फोन बघायची. पहिले नग नीट आले नाहीत; आत पोकळी राहिली. अण्णांनी ते वितळवून पुन्हा ओतले. मग एक दिवस ट्रान्सपोर्टच्या टेम्पोनं पडघ्याला लाकडी पेटी आली. भुशात ठेवलेली हाउसिंगं, नवी कोरी, आत बेलाचं पान. रेश्मानं एक जोडी काढली, दांडा घातला आणि मला म्हणाली, "आय, तू फिरव."

मी फिरवला. लोण्यात फिरावा तसा.

पहिलं हाउसिंग जोशीबाईंच्या गाडीला. त्या संध्याकाळी रुमाल घेऊन आल्या, तर पुसायला गाडीच नव्हती. रेश्मा ती घेऊन खड्ड्याखड्ड्यांतून चक्कर मारायला गेलेली. परत आली तशी किल्ली त्यांच्या हातात दिली.  जोशीबाई गाडीत बसल्या, आरसा नीट केला आणि गेल्या. नंतर उरलेल्या दोन्ही गाड्याही शेडमधून बाहेर पडल्या.

आता उरली माझी. तीही अण्णांनी तिकडंच नवं हाउसिंग घालून जोडली. फोन आला, "मावशी, गाडी तयार आहे. पर जरा चालवून बघतो. खात्री पाहिजे."

"बघा की," मी म्हटलं.

आठ दिवसांनी मी फोन केला. मालूताईंनी उचलला. "हे न्हाईत, बाहेर गेल्यात."

"कशानं?"

मागून हॉर्न वाजला. माझ्याच गाडीचा; मी ओळखते. मालूताई हसायला लागल्या. "रोज संध्याकाळी पन्हाळ्याला जात्यात, घाट चढते का बघाय. काल मलाबी शिकवाय लागल्यात. मी चालवलो, मैदानात!"

मी म्हटलं, "असू दे बाई. आधी तू शीक."

तेव्हा ज्या ज्या विचारताय, गाडी कुठं ठेवून आलीस, त्यांना सांगते: गाडी कोल्हापुरात आहे आणि चालू आहे. मालूताईंना रिव्हर्स जमलं की दोघी मिळून येणार आहेत, त्या आणि गाडी. मी जवळा भरून ठेवलाय. या वेळी घट्ट झाकणाच्या डब्यात.